दगडी कोळशातला दगड

वसईत, होळीवरच्या इस्त्रीवाल्याकडे लाकडी कोळसा जळतो. दिवसाअखेर इस्त्रीत मूठभर पांढरी राख उरते. वीज मात्र दगडी कोळशावर बनते, आणि मराठीने त्याला ‘दगडी’ अगदी नेमकं म्हटलंय. आपल्या खाणींतल्या कोळशात बऱ्याचदा ३० ते ४५ टक्के राख निघते. म्हणजे न जळणारी माती आणि दगड.

आमच्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथली वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. मी विरार लोकलने ज्या ऑफिसात जातो, तिथेही तिचा थोडा वाटा असणार. म्हणून एकदा हिशेब मांडून पाहिला. एका युनिटला साधारण ६०० ग्रॅम कोळसा लागतो. केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट, म्हणजे ७,००० टनांच्या वर कोळसा. त्यात ३४ टक्के राख धरली, तर ५८ वॅगनच्या मालगाडीत जवळजवळ २० वॅगन नुसता दगड! तो लांबून ओढत आणायचा, बॉयलरच्या नळ्या झिजवून घ्यायच्या, आणि शेवटी राख म्हणून बाहेर काढायचा.

कोळशाची प्रत जी-१ ते जी-१७ अशी मोजतात. एक किलो जळून किती उष्णता मिळते, एवढंच ती सांगते. गंधकाचा तिच्याशी संबंध नाही. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का. ऐकायला काहीच नाही. पण ७,००० टनांचा अर्धा टक्का म्हणजे ३५ टन, आणि जळल्यावर त्याचा होतो सुमारे ७० टन सल्फर डायऑक्साइड. रोज.

डहाणूच्या लोकांनी हे फार आधी ओळखलं. चिकूच्या वाड्यांचा हा तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००७ मध्ये केंद्रात समुद्राच्या पाण्याने धुरातला गंधक धुणारी यंत्रणा बसली.

देशाचा प्रवास मात्र उलटा चाललाय. खाणीपासून ५०० किलोमीटरहून लांबच्या केंद्रांनी ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरायचा नाही, असा नियम होता. मे २०२० मध्ये तो काढून टाकला. जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक धुणाऱ्या यंत्रणेतूनही सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमीच असतो, हे त्यामागचं एक कारण.

खर्च वाचला, हे खरं. पण कोळशातला दगड आणि गंधक कागदावरची अट काढल्याने नाहीसा होत नाही. तो केंद्राशेजारच्या गावात पडतो, तिथल्या झाडांवर आणि माणसांच्या छातीत. माझ्या लाइट बिलात त्याची ओळ कुठेच नसते.