झेलांचा रकाना

आकड्यांशी माझे वैर नाही. असून परवडणारही नाही. वीस वर्षे मी बँकेत आकड्यांच्याच पंक्तीला जेवतो आहे. पण बी.कॉम.ला एक गोष्ट शिकलो, ती कायमची डोक्यात बसली : ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर असतो असे मुळीच नाही. नावे बाजूला नऊशे कमी लागले आणि जमेकडेही नऊशेच कमी लागले, तर दोन्ही बेरजा सख्ख्या बहिणींसारख्या गळ्यात गळे घालून उभ्या राहतात. तेव्हापासून एखादा आकडा फारच देखणा दिसला, की मला आधी शंका येते.

आमच्या चिरंजीवांना ती येत नाही. ते कॉलेजात संख्याशास्त्र शिकतात. परवा रविवारी क्रिकेटची मॅच बघत होतो. टीव्हीच्या कोपऱ्यात ‘विजयाची शक्यता ८७ टक्के’ असे झळकले. चिरंजीव म्हणाले, “संपली मॅच!”

आमची ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग बंद करा की. का उरलेले तेरा टक्के बघताय?”

त्या दिवशी घरात याहून शहाणे वाक्य कोणी बोलले नाही.

चिरंजीवांनी मग मला अमेरिकेत नेले. तोंडीच; तिकिटाला पैसे कुठे आहेत? तिथल्या बेसबॉलमध्ये ओकलंडचा संघ म्हणे पैशाने लंगडा. म्हणून त्यांनी जाणत्या म्हाताऱ्यांच्या नजरेवर न विसंबता आकडेमोड करून खेळाडू निवडले. गडी दिसतो कसा ते पाहिले नाही, बेसवर किती वेळा पोचतो ते पाहिले. २००२ साली हा संघ ओळीने २० सामने जिंकला.

“आणि शेवटी अजिंक्यपद?”

“प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत हरले. पण बाबा, तेवढ्या चार-पाच सामन्यांवरून काही ठरत नाही.”

महिनाअखेरीला फरक निघाला की आम्हीही असेच काहीसे म्हणतो. ऑडिटर ऐकत नाहीत.

शेवटी मी हुकमाचा एक्का काढला. “एकनाथ सोळकर बघ.”

त्याने मोबाइलवर बघितले. “फलंदाजीची सरासरी पंचवीस, गोलंदाजीची एकोणसाठ! बाबा, हा संघात होता कशाला?”

मग मी वडिलांनी मला शंभरदा सांगितलेली गोष्ट त्याला एकशे एकाव्यांदा सांगितली. १९७१ चा ऑगस्ट, ओव्हलचे मैदान. कप्तान अजित वाडेकर, म्हणजे आमच्यातलाच, बँकवाला. पहिल्या डावात ९० धावा काढणारा अ‍ॅलन नॉट दुसऱ्या डावात खेळायला आला. सोळकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या पुढ्यात, डोक्यावर हेल्मेट नाही. नॉटने चेंडू जरासा उचलला आणि सोळकरने पुढे झेप घेऊन तो जमिनीलगत टिपला. नॉट १, इंग्लंड सर्वबाद १०१. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडमध्ये आपण पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकलो. पण नॉटचा तो बळी जमा झाला वेंकटराघवनच्या खात्यावर. सोळकरच्या सरासरीत त्या झेपेचा एक पैसाही नाही.

चिरंजीव जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “२७ कसोट्यांत ५३ झेल. कसोटीला जवळजवळ दोन! बाबा, द्रविडचे १६४ कसोट्यांत २१० आहेत, म्हणजे सव्वा. हा तर भयंकरच निघाला!”

“मग हे आधी का नाही सांगितलेस?”

“आधी मी झेल मोजलेच कुठे होते?”

हे वाक्य मला सोमवारी शाखेत आठवले. आमच्याकडे दरमहा कामगिरीचा तक्ता लागतो. कोणी किती व्हाउचर पास केली, त्याचा. मी त्यात दुसरा असतो आणि तीन नंबरच्या काउंटरवरच्या बाई नेहमी शेवटच्या. त्यांना रेकॉर्ड रूममध्ये हलवावे, असे साहेब शुक्रवारी म्हणाले, तेव्हा मी मान डोलावली होती. दुसऱ्या नंबरच्या माणसाची मान फार सहज डोलते.

नोव्हेंबर महिना, म्हणजे पेन्शनरांचे हयातीचे दाखले. बाईंसमोर म्हाताऱ्यांची रांग लागलेली. कोणाचा चष्मा घरी राहिलेला, कोणाचा अंगठा उमटत नाही, एका आजींना फॉर्मपेक्षा सुनेबद्दल जास्त सांगायचे होते. मी दिवसभर एका कागदावर रेघा मारत बसलो. संध्याकाळी मोजल्या, तर बाईंनी ४२ जणांचे चुकलेले कागद नीट करून दिले होते. त्यातले निम्मेशिम्मे पुढे माझ्याकडे आले, ते झटपट पास होऊन माझ्या नावावर जमा झाले. म्हणजे झेल बाईंचे आणि सरासरी माझी!

कागद घेऊन साहेबांकडे गेलो. “साहेब, आपल्या तक्त्यात झेलांचा रकाना नाही.”

“कसले झेल?” साहेबांना क्रिकेटमध्ये गम्य नाही. सगळे सांगितले. ते म्हणाले, “आकडेवारीसह लेखी द्या. बघू.”

आयुष्यभर आकड्यांवर शंका घेतली आणि शेवटी आकडेच मांडायची पाळी आली! चिरंजीवांनी तक्ता आखून दिला. नवा रकाना आल्यावर माझा नंबर सातवा आला, तोही न कुरकुरता त्याने लिहिला.

रात्री मी हिला म्हटले, “साहेब ऐकतील असे वाटत नाही. फार तर तेरा टक्के.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, “आपल्याकडे मॅच तेवढ्यावरच बघतात.”