वर्षभराचा अध्यक्ष

१ जुलै. रोटरी क्लबचं वर्ष सुरू झालं. तालुक्या-तालुक्यांत पदग्रहण समारंभ, गळ्यातली कॉलर एकाकडून दुसऱ्याकडे, आणि भाषणात येत्या वर्षाच्या प्रकल्पांची यादी. अध्यक्षपद एकाच वर्षाचं असल्यामुळे क्लब कुणाच्या घरचा होत नाही, हे फार मोलाचं. पण प्रत्येकाला आपल्या कारकिर्दीत काहीतरी नवं उभं करायचं असतं. गेल्या वर्षी शाळेला दिलेल्या पाणी शुद्धीकरण यंत्राचा फिल्टर बदलायचा कुणी, हा प्रश्न मग कुणाच्याच वर्षात बसत नाही.

*

पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत तिघा ओळखीच्यांना जमवलं, ती पहिली बैठक. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होत, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला सगळा मामला आपापसातल्या ओळखींचा आणि धंद्याचा होता. १९०७ साली त्यांनी शहरासाठी पहिलं काम हाती घेतलं, ते सार्वजनिक शौचालयांचं. हे मला फार आवडतं. आपल्याकडेही कुठल्याही मुख्याध्यापिकेला विचारा, मुलींच्या शौचालयाला पाणी आणि आतून लागणारी कडी हवी, हेच ती आधी सांगेल. संगणक द्यायला देणगीदार चटकन तयार होतात. टाकीवरच्या मोटारीसाठी मात्र चार घरं जास्त फिरावं लागतं.

*

पैसे उभे करण्याचे आपल्याकडचे दोन जुने मार्ग: नाटकाचा प्रयोग आणि स्मरणिका. नाट्यसंस्थेकडून ठरलेल्या रकमेला प्रयोग घ्यायचा आणि तिकिटं सभासदांनी वाटून घेऊन खपवायची. खिडकीवरच्या विक्रीतून जेमतेम खर्च निघतो, हाती उरतात ते देणगी प्रवेशिकांचे आणि जाहिरातींचे पैसे. त्या जाहिराती देणारे कोण? तेच सराफ, तेच कापडवाले, तेच खतांचे दुकानदार, ज्यांच्याकडे गणेश मंडळ, नवरात्र मंडळ, शाळेचं स्नेहसंमेलन आणि लायन्सवाले आधीच येऊन गेलेले असतात. तरी ते ‘मागच्या वर्षीइतके लिहा’ म्हणून पावती फाडायला सांगतात. गावातली समाजसेवा या लोकांच्या गल्ल्यावर चालते, आणि कोनशिलेवर त्यांचं नाव नसतं.

*

लायन्स क्लबचं दृष्टीचं काम १९२५ पासूनचं. ओहायोतल्या सीडर पॉइंट इथल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी त्यांना अंधांसाठी उभं राहण्याचं आवाहन केलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरं एकेकाळी शाळेच्या वर्गांत, मांडवात होत. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे ती पद्धत मागे पडली. आता गावात फक्त तपासणी, आणि रुग्णांना बसने रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया. क्लबचं काम त्यामुळे कमी दिसतं, पण वाढलंय. म्हातारीला बसमध्ये चढवणं, सोबतच्या माणसाची जेवणाची सोय, आणि मुख्य म्हणजे पुन्हा तपासणीला आणणं. डोळ्यांत थेंब नीट घातले जातात की नाही, हे बघणारा सभासद मला व्यासपीठावरच्या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

*

बायकांना रोटरीत यायला ८२ वर्षं लागली. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबने १९७७ साली तीन महिलांना सभासद करून घेतलं, तर क्लबचीच सनद काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८७ च्या मे महिन्यात निकाल क्लबच्या बाजूने लागला. तोवर सभासदांच्या घरच्या बायका इनरव्हीलमधून राबतच होत्या. रक्तदान शिबिरातला चहा-बिस्किटांचं टेबल आठवून पाहा.

*

आता पोलिओ. रोटरीच्या लसीकरणाची १९७९ साली फिलिपिन्समधल्या मुलांपासून सुरुवात. १९८५ मध्ये पोलिओप्लस ही रोटरीची मोहीम जाहीर झाली तेव्हा उद्दिष्ट होतं १२ कोटी डॉलरचं. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. त्याच वर्षी जागतिक मोहीम उभी राहिली, तेव्हा १२५ देशांत पोलिओ होता. भारतात २००९ साली ७४१ रुग्ण, २०१० साली ४२, आणि १३ जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटचा. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

खरं श्रेय घरोघर फिरलेल्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि सरकारी आरोग्य यंत्रणेचं. पण क्लबांनी रविवारी सकाळी बूथ लावले, उत्तर प्रदेशात उलेमांना सोबत घेऊन पालकांची शंका दूर केली, आणि पैसे मागत राहिले. इतक्या वर्षांत किती अध्यक्ष आले नि गेले! उद्दिष्ट कुणा एकाचं नव्हतं, म्हणून ते पुढच्याच्या हाती जसंच्या तसं देता आलं. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात विषाणू अजून आहे, त्यामुळे २४ ऑक्टोबरला पोलिओ दिनाचं आवाहन आजही निघतं. ‘आपल्याकडे संपला ना?’ असं विचारणाऱ्याला मी न कंटाळता उत्तर देते.

*

रुग्णोपयोगी साहित्य केंद्र हा माझा सगळ्यात लाडका प्रकल्प. वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, वरखाली होणारा पलंग. अनामत भरायची, गरज संपली की वस्तू परत. मांडीचं हाड मोडलेल्या आजोबांच्या घरी पलंग विकत घेण्याची ऐपत असो-नसो, तो ठेवायला जागा कुठे असते? इथे फार पैसे लागत नाहीत. लागतो तो एक माणूस, जो रात्री साडेनऊला फोन उचलेल आणि किल्ली घेऊन येईल.

*

पुढच्या बैठकीत मांडायचं: अंदाजपत्रकात वस्तूच्या किमतीखाली तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च लिहावा आणि देणगी मागताना तोही मागावा. आताचा अध्यक्ष, येणारा आणि त्याच्या पुढचा, तिघेही आपल्याकडे आधीच ठरलेले असतात. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय प्रकल्प मंजूर करू नये. शाळेच्या फिल्टरपासून सुरुवात करता येईल.