झाकणाच्या कडेची चीर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला होता. "तू मेकॅनिकलचा ना रे? बघ जरा," आई म्हणाली. झालं! थर्मोत काठावर पास झालेले अस्मादिक लगेच बाजारात. कंपनीचा व्हॉल्व्ह महाग वाटला, म्हणून बिननावाचा घेतला आणि पान्याने घट्ट बसवला. उरलेल्या पैशांचा वडापाव खाल्ला, हेही कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी डाळ लावली होती. शिट्टी काही होईना. आई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. एकदम फस्सकन आवाज झाला आणि पिवळी वाफ ओटाभर पसरली. आईच्या मनगटाला थोडं पोळलं, तेवढ्यावर निभावलं. झाकण मात्र जागच्या जागी!

कुकर गार झाल्यावर पाहिलं. शिट्टीखालच्या नळीत डाळ अडकलेली, माझा व्हॉल्व्ह ढिम्म. आणि झाकणाच्या कडेला जी लांबट चीर असते, तिच्यातून गास्केट जिभेसारखं बाहेर आलेलं. ती चीर मी लहानपणापासून नक्षीच समजत होतो.

मग पुस्तकं उघडली. डेनिस पापिनने १६७९ साली वाफेचं भांडं बनवलं. ते फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबलेली झडप योजली. आपली शिट्टी तेच करते. बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण जास्त दाब झाला, की ती उचलली जाते. आत पाणी तेव्हा सुमारे १२० अंशांवर असतं. शिट्टी तुंबली तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो. पण व्हॉल्व्हच नकली असेल तर? उत्तर भारतात नकली सुट्या भागांमुळे कुकर फुटू लागले, तेव्हा टीटीके प्रेस्टिजच्या टी. टी. जगन्नाथन यांनी हा उपाय काढला. दोन्ही वाटा बंद झाल्या की रबर चिरेतून बाहेर ढकललं जातं आणि वाफ निघून जाते.

व्हायवाला 'फॅक्टर ऑफ सेफ्टी'ची व्याख्या मी घडाघडा म्हटली होती. अर्थ त्या दिवशी कळला. एखादा दीडशहाणा चार पैसे वाचवेल आणि त्याची आई शेजारीच उभी असेल, हे कुणीतरी आधीच धरून चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी गुपचूप कंपनीचा व्हॉल्व्ह आणून बसवला. आईला अजून वाटतं, कुकरच जुना झाला होता. यंदा हा अंक घरी नेईन म्हणतो.