ओळंब्याबाहेरची भिंत

धरमपेठेतल्या जुन्या इमारतींची न्हाणीघरं बेतानंच बांधलेली. कमोड, बेसिन, गीझर, बादली, सगळं एकाच फरशीवर. एकाची आंघोळ झाली की पुढचा तासभर ती निसरडीच. आईला ऐंशी लागलं तसं मला या फरशीचं भय वाटू लागलं. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडायला दोन पावलं पुरतात. म्हणून आंघोळीचा कोपरा काचेच्या दारानं वेगळा करायचं ठरवलं.

काच बसवणारा मुलगा आला तो ओळंबा घेऊन. टाइल्सपाशी दोरी सोडली आणि लंबक थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग म्हणाला, "भिंत झुकून राहिली न जी काकू." वर दोरी टाइलला टेकलेली, खाली करंगळी जाईल एवढी फट. इतकी वर्षं मला ती भिंत सरळच दिसत होती.

लाकडी दार रंधा मारून बसवता येतं. टफन्ड काचेला ती सोय नाही. तिला आधी मापात कापतात, बिजागऱ्यांची भोकं पाडतात आणि मगच भट्टीत ६०० अंशांपुढे तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी कडक होतो. आतला मागाहून आकसताना त्याला आवळून धरतो. काचेचं सारं बळ या ताणात. पुढे तिला एक भोक पाडायला गेलं तरी अख्खी काच बारीक, बोथट तुकड्यांचा ढीग होते. तिच्या सुऱ्या होत नाहीत, म्हणून तर ती न्हाणीघरात लावायची. भिंतीचा कल मात्र मापातच धरावा लागतो. त्या मुलानं रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी वेगवेगळी घेतली, पुन्हा ताडून पाहिली. त्या सावकाशीनंच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

बसवण्याच्या दिवशी त्यानं टाइलवर कागदी टेप चिकटवून खूण केली. ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवत टाइल भेदली. आधी पांढरी भुकटी आली, मग सिमेंटची करडी, मग विटेची लाल. लाल दिसल्यावरच त्यानं जोर लावला.

आई शॉवर घेत नाही. तिला बादली, तांब्या आणि बसायला स्टूल लागतं. मे महिन्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की थंड पाण्याचा नळही चटका देतो, म्हणून ती रात्रीच बादली भरून ठेवते. दाराची रुंदी मी बादली आणि स्टूल जाईल अशीच मागितली. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडेल. आधाराचा स्टीलचा दांडा भिंतीत वेगळा बसवला, कारण दाराची मूठ अंगाचा भार घ्यायला नसते. बोअरच्या पाण्याचे क्षार काचेवर पांढरे उमटतात, तेव्हा आंघोळीनंतर रबरी वायपर फिरवायचं काम माझं.

सिलिकॉन वाळायला २४ तास दिले. आता कमोडपाशी फरशी कोरडी राहते, आणि आई भिंतीला हात न लावता तिथवर जाते. तिची तक्रार एकच आहे: दाराला कडी नाही, नुसती चुंबकाची पट्टी. काचेच्या दाराचं तिनं ऐकलं. न्हाणीघराच्या मुख्य दाराची कडी मात्र ती काढू देत नाही, आणि आमचं त्यावर रोज सकाळी बोलणं होतं.