आप्पांची बरणी

आप्पांनी पेटीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि कॉफीची जुनी बरणी त्यावर उपडी केली. आतून बारके चौकोन पडले, शंभराच्या वर असतील. औषधांचं प्रत्येक पाकीट त्यांनी कात्रीनं कापून एकेक गोळी वेगळी केली होती. मग तळहाताच्या कडेनं सरळ करत त्यांनी त्या चौकोनांच्या रांगा लावल्या, इन्स्पेक्शनला किट मांडतात तशा. पेटी लोखंडी, काळी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. रंग उडत आला तरी नंबर अजून स्वच्छ वाचता येत होता.

"म्हैन्याच्या तीस तीस," आप्पा म्हणाले. "एक बी कमी न्हाई, एक बी जास्त न्हाई. मोजून बघ."

मी मोजल्या. हिशोब चोख होता. पण कापताना बहुतेक गोळ्यांची नावं निम्मी तुटली होती आणि काहींची पूर्णच गेली होती.

मी माजी सैनिकांच्या सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये फार्मासिस्ट आहे. राहायला कसबा बावड्यात. आमच्या भागात पलटणीतून पेन्शनीवर आलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो, आणि शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी हे गावच फौजेच्या नावानं ओळखलं जातं. या लोकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या उपचारांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना सुरू आहे. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी होते, औषधं मिळतात, गरज पडली तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. म्हातारे मात्र पॉलिक्लिनिकला अजून 'एमआय रूम'च म्हणतात. छावणीतल्या दवाखान्याचं नाव त्यांच्या तोंडातून जात नाही.

आप्पा निवृत्त सुभेदार, वय अठ्ठ्याहत्तर. ते कधी काही सांगत नसत. खिडकीशी यायचे, कार्ड द्यायचे, "जय हिंद मॅडम" म्हणायचे आणि औषधं घेऊन जायचे. सांगितलं ते त्यांच्या बायकोनं, काकूंनी. त्या स्वतःच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "ह्यांचं पहाटे बनियन पिळून काढावं एवढं भिजतंय बघ. इचारलं तर म्हणत्यात, उकडतंय." मार्गशीर्ष चालू होता. पहाटे पंचगंगेवरून येणाऱ्या गारठ्यानं आम्ही दारं लावून बसायचो. उकडेल कशानं? संध्याकाळी काम संपल्यावर मी घरी न जाता आधी त्यांच्याकडे गेले.

त्या चौकोनांमध्ये एक फिकट हिरवी गोळी होती आणि एक पांढरी. हिरवी सकाळच्या रांगेत, पांढरी रात्रीच्या. दोन्हीवर नावाची शेवटची अक्षरं शिल्लक होती. माझ्या पिशवीतल्या यादीशी ताडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की दोन्ही ग्लिमेपिराइडच आहे, साखर उतरवणारं एकच औषध, दोन वेगळ्या नावांनी. दोन महिन्यांपूर्वी आप्पांची अँजिओप्लास्टी झाली होती. तिथल्या डिस्चार्ज कार्डावर साखरेची गोळी कंपनीच्या नावानं लिहिली होती. आमच्याकडून ती मूळ औषधाच्या नावानं आधीपासून चालूच होती. आप्पांनी दोन्ही हुकूम पाळले.

आणि हृदयासाठी त्यांना मेटोप्रोलोल चालू होतं. साखर खाली गेली की हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस जागा होतो आणि साखर मागतो. मेटोप्रोलोलसारखी औषधं ती थरथर आणि धडधड झाकून टाकतात. घाम तेवढा झाकला जात नाही. म्हणजे आप्पांच्या शरीराला ओरडायला एकच वाट उरली होती, आणि ती वाट ते रोज पहाटे टॉवेलनं पुसत होते.

रात्रीची पांढरी गोळी मी त्या दिवशी बाजूला ठेवायला लावली. आमच्या मेडिकल ऑफिसरांना तिथूनच फोन केला. डोस बदलणं हा त्यांचा अधिकार, माझा नाही. त्यांनी ती थांबवायला सांगितलं. शेजारच्या पोराकडून ग्लुकोमीटर आणून पहाटे चारला साखर बघायची, असं काकूंना समजावलं आणि उशाशी गूळ ठेवला. सकाळी डॉक्टरांनी सगळी औषधं नव्याने लिहून दिली. चार दिवसांनी काकूंचा निरोप आला, बनियन कोरडं आहे.

आता माझी चूक सांगते. ते डिस्चार्ज कार्ड माझ्याच खिडकीवर आलं होतं. त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. कार्डावरची औषधं मीच मोजून दिली, आणि घरी आधीचं काय चालू आहे हे विचारलं नाही. विचारायला अर्धा मिनिट लागला असता. तो अर्धा मिनिट मी वाचवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची साखर पहाटे चाळीसवर आली असती आणि तो उठलाच नसता, तर दाखल्यावर हृदयविकाराचा झटका लिहिलं गेलं असतं आणि मलाही ते कधी कळलं नसतं.

घामाबद्दल मला आधी का सांगितलं नाही, हे मी आप्पांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "सिक रिपोर्ट करणारा जवान कुणाला आवडत न्हाई, पोरी." फौजेत आजार सांगितला की खालची मेडिकल कॅटेगरी लागते, कॅटेगरी लागली की बढती अडते, पोस्टिंग बदलतं. म्हणून माणूस ताप अंगावर काढतो, गुडघा दुखला तरी पळतो. तीस वर्षांची ही सवय पेन्शनच्या कागदाबरोबर सुटत नाही. अशा माणसाला "काही त्रास?" असं विचारलं तर उत्तर "नाही" हेच येणार. आता मी वेगळं विचारते. रात्री किती वेळा उठता? जिना चढताना कठडा धरता का? पूर्वी धरत होता का? या प्रश्नांना ते खरं उत्तर देतात, कारण यात तक्रार करावी लागत नाही, नुसता रिपोर्ट द्यायचा असतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही आठवड्यातून एक दुपार ठेवली. घरात असेल नसेल ते सगळं औषध पिशवीत घालून आणायचं. डॉक्टरांनी दिलेलं, दुकानातून घेतलेलं, वैद्याचं, शेजारणीनं दिलेलं, सगळं. सुरुवातीला लोक ओशाळायचे, निवडून आणायचे. मग पिशव्या फुगायला लागल्या. एकाच रक्तदाबाच्या गोळीची तीन नावं निघाली. उघडून वर्ष झालेले डोळ्यांचे थेंब निघाले, जे उघडल्यावर साधारण महिन्याभरात टाकून द्यायचे असतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी कुठे ठेवता, असं एका काकांना विचारलं तर म्हणाले, "देवघरात, सुरक्षित." ती खिशात हवी. दुखणं शेतात आलं तर देवघर गाठणार कसं?

नदीपलीकडच्या शियेच्या एका हवालदारांची पिशवी मला अजून आठवते. त्यांना रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन होतं. त्यानं काहींच्या घोट्याला सूज येते, त्यांच्याही आली. सूज बघून दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना लघवी वाढवणारी गोळी मिळाली. ती ते रात्री जेवणानंतर घ्यायचे, म्हणून रात्री चार वेळा उठायचे. अंधारात मोरीत घसरले, कंबर धरली. कंबरेसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक आणलं आणि महिनाभर खाल्लं. रक्तदाबाची दुसरी गोळी रामिप्रिल आधीच चालू होती. रामिप्रिल, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की म्हाताऱ्या मूत्रपिंडावर भार पडतो. पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा ही साखळी एकापुढे एक मांडलेली दिसत होती. डॉक्टरांना दाखवली, क्रिएटिनिन तपासलं, ते वाढलेलं होतं. वेदनाशामक आणि लघवीची गोळी बंद झाली, अॅम्लोडिपिनच्या जागी दुसरं औषध आलं. सूज गेली. यातल्या कुठल्याही डॉक्टरांनी चुकीचं औषध लिहिलं नव्हतं. प्रत्येकासमोर फक्त स्वतःची चिठ्ठी होती. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र येण्याची जागा एकच, रोग्याचं घर, आणि तिथे कुणी बघायला जात नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्ट रोग्याला समोर बसवून औषधांचे डोस ठरवतात, कमीजास्त करतात. त्यांना तसा अधिकार दिलेला आहे. आपल्याकडे फार्मसी कायदा १९४८ चा. फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये आला, आणि रोग्याला समुपदेशन करणं हे फार्मासिस्टचं काम आहे, हे २०१५ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं गेलं. कागदावर आम्ही आहोत. पण खिडकीला जाळी असते, जाळीला हात जाईल एवढंच भोक असतं, आणि बाहेर रांग असते. फार्मासिस्टला बसायला एक टेबल आणि समोर एक खुर्ची मिळायला हवी. मागणी एवढीच आहे, आणि मी ती दर बैठकीत करते.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर खिडकीही राहिली नाही. बावड्याच्या माणसाला पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शियेचा रस्ता पाण्याखाली, शिरोलीजवळ महामार्ग बंद, वीज नाही. माझ्या फोनवर सारखे फोन येत होते आणि निम्मे इन्शुलिनबद्दल होते. फ्रिज बंद पडलाय, आता काय करू? वापरात असलेली बाटली महिनाभर साध्या गारव्यात टिकते, हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. मी सांगत होते, प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करा, डबी ओल्या फडक्यात गुंडाळा, माठाला टेकवून सावलीत ठेवा. एका आजींच्या मुलानं कुठूनसा बर्फ मिळवून बाटली त्यातच पुरून ठेवली. गोठलेलं इन्शुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही. फोनवर तसं सांगितलं तेव्हा पलीकडे तो मुलगा रडला. बर्फासाठी तो कमरेएवढ्या पाण्यातून गेला होता. दुसऱ्या दिवशी मदतकार्याच्या बोटीतून दोन बाटल्या पोचल्या. त्या कुणी नेल्या त्याचं नाव मी विचारलं नव्हतं, आता विचारावंसं वाटतं.

गेल्या वर्षी आप्पा गेले. झोपेत नाही, घामात नाही. न्यूमोनियानं, रुग्णालयात, काकू शेजारी असताना. तेराव्यानंतर काकू बरणी घेऊन खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "ह्या अजून चांगल्या हायत. दुसऱ्या कुणा जवानाला द्या. सरकारचं फुकट कशाला घालवायचं?" एकदा दारातून बाहेर गेलेलं औषध आम्हाला परत वाटता येत नाही. ते कुठे, कशा उष्णतेत राहिलं, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यांना हे सांगणं फार जड गेलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "मग त्यातल्या बीपीच्या मी संपवतोय त्या चालंल न्हवं?"

त्या आठ दिवस आप्पांच्या गोळ्या खात होत्या. स्वतःच्या होत्याच, वरून त्याही.

मी जाळीतून बोलले नाही. बाहेर आले, बाकावर त्यांच्याशेजारी बसले, रक्तदाब बघितला आणि बरणी मांडीवर घेतली. आता चौकोनांवर नावं पूर्ण होती. पहिल्या प्रसंगानंतर आप्पा पाकीट कापताना नाव सांभाळून कापत होते. काकूंच्या गोळ्या वेगळ्या काढल्या, आप्पांच्या नष्ट करायच्या डब्यात टाकल्या, बरणी धुऊन त्यांना परत दिली.

हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. घरी आई-वडील असतील, सासू-सासरे असतील, तर या रविवारी त्यांच्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा. पाकिटं कापू नका, कापलीच तर नाव ठेवून कापा. मनानं एकही गोळी बंद करू नका. सगळं पिशवीत भरा आणि तुमच्या डॉक्टरांकडे किंवा ओळखीच्या फार्मासिस्टकडे घेऊन जा. एखाद्या औषधानं त्रास झाला असं वाटलं, तर तो नोंदवण्यासाठी सरकारचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो बरणीवर चिकटवून ठेवा.