सावली

आम्हां माळव्यातील माणसांचा आणि समुद्राचा संबंध तसा ऐकीवच. इंदूरला नर्मदेचे पाणी नळाने आले तेच मुळी १९७८ साली. त्याआधी पाणी म्हणजे यशवंतसागर, बिलावली आणि उन्हाळ्यात नळापाशी लागलेली भांड्यांची रांग. महेश्वरच्या घाटावर उभे राहिले की वाटे, ह्याहून मोठे पाणी ते काय असणार! अशा गावच्या छायाचित्रकाराकडे गोव्याच्या किनाऱ्यांचे काम यावे, हा योगायोगच म्हणायचा. मुंबईच्या एका मुद्रकाला १९८५ च्या कॅलेंडरासाठी सहा रंगीत चित्रे हवी होती. अट एकच : वाळू, पाणी, माड, माणसे नकोत.

१९८४ च्या जानेवारीत निघालो, तेव्हा आई म्हणाली, "मीही येते. म्हार्दोळला म्हाळसेची ओटी भरायची राहिली आहे." आमचे घराणे गोवा सोडून होळकरांच्या राज्यात आले त्याला पाच पिढ्या लोटल्या, कुलदैवत मात्र तिकडेच. ते तरी मूळ जागी कुठे आहे? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे देवीला वेर्ण्याहून जुवारीपलीकडे आणून म्हार्दोळला ठेवावे लागले. "देवीनेही घर बदललं, आपणही," असे आई म्हणत असे. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने समुद्र पाहिला नव्हता.

पश्चिम किनाऱ्यावर काम करणाऱ्याला सूर्याचे वेळापत्रक पाळावे लागते. सकाळी ऊन जमिनीकडून, म्हणजे आपल्या पाठीकडून येते, आणि पाण्याला जी काही निळाई असते ती त्याच वेळी. दुपार कलली की प्रकाश समोरून येतो, पाणी कथलासारखे चकाकू लागते, आणि संध्याकाळी हाती लागतात त्या केवळ काळ्या आकृत्या. शिवाय उजळ वाळूपुढे प्रकाशमापक हमखास फसतो. तो सांगेल त्याहून एक-दीड स्टॉप अधिक प्रकाश द्यावा, नाही तर वाळू राखेसारखी उतरते. राहता राहिला कॅलेंडरातला तो गर्द निळा रंग. मांडवी-जुवारीच्या मुखांजवळचा समुद्र बराचसा हिरवट, मातकट दिसतो. उरलेली निळाई फिल्टर आणि छापखान्यातली शाई पुरवते. हे गुपित मी फोडले असे मुद्रकाला कळले असते, तर त्याने पुन्हा काम दिले नसते.

कळंगूटला पोचलो तेव्हा सकाळचे साडेसात झाले असतील. किनारा तेव्हाही प्रसिद्ध होता, पण त्या वेळी तिथे प्रवासी नव्हते, रापणकार होते. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबच लांब जाळे. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढत आणायचे, एकेका दोराला ओळीने माणसे लागलेली. यांत्रिक ट्रॉलरांनी मासळी हिरावली म्हणून ह्याच रापणकारांनी त्याआधीच्या वर्षांत मोठे आंदोलन केले होते, त्यातून १९८० साली कायदा झाला होता. मला ह्यातले काही ठाऊक नव्हते. चौकटीत माणसे येत आहेत, एवढेच मला दिसत होते. मी तिपाई उचलून बागा गावाच्या दिशेने चालू लागलो.

आई छत्री उघडून मागून येत होती. पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा ती थबकली आणि म्हणाली, "ह्याला घाट नाही रे. पाय सोडून बसायचं कुठे?" मग ती मागे राहिली. टोपली घेऊन बसलेल्या एका कोळिणीशी तिचे बोलणे सुरू झाले. आईची मराठी इंदुरी, दर चार शब्दांमागे एक हिंदी. त्या बाईची कोकणी. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकले नाही, कारण माझी मान कॅमेऱ्याच्या काचेवर वाकलेली होती. परत आल्यावर आईने आपण होऊन सांगितले, "ती विचारत होती, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, इथलीच."

मी म्हणालो, "आई, जरा मागे हो. तुझी सावली येते आहे."

ती मागे सरली. थोड्या वेळाने मी तेच पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझा आवाज चढला होता. तिने छत्री मिटली आणि काही न बोलता ती वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीच्या आडोशाला जाऊन बसली.

ते चित्र मे महिन्याच्या पानावर छापले गेले. निर्मनुष्य किनारा, कलती माडांची रांग, निळेशार पाणी. वर्ष सरले तरी आईने ते पान भिंतीवरून उतरू दिले नाही. कुणी आले की ती उठून पानाच्या डाव्या कडेपाशी जाई आणि चित्राबाहेर वीतभर अंतरावर, भिंतीवर बोट टेकवून सांगे, "मी इथे उभी आहे." पाहुणे हसत, तीही हसे. दोन-तीन वर्षांत त्या जागी भिंतीवर बोटाचा तेलकट डाग पडला.

१९९६ साली आई गेली. २००३ मध्ये दुसऱ्या कामानिमित्त त्याच किनाऱ्यावर गेलो. २००० च्या जूनमध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचे जहाज कांदोळीला किनाऱ्यालगत येऊन रुतले होते. पुढेही अनेक वर्षे ते हलले नाही. कुठूनही कॅमेरा लावा, त्या गंजक्या लोखंडाचा एखादा तुकडा चौकटीत येईच. त्याला बाजूला हो म्हणण्याची सोय नव्हती. मी दोन रोल तसेच काढले.

परतल्यावर १९८४ ची पेटी उघडली. कळंगूटच्या रोलमधील बारा पारदर्शिकांपैकी अकरा स्वच्छ आहेत. पहिली मी तेव्हाच नापास करून कडेला फुली मारली होती. खिडकीच्या उजेडात धरली, तर खालच्या डाव्या कोपऱ्यात, ओल्या वाळूवर, पाण्याच्या दिशेने एक लांब सावली पडली आहे, आणि तिच्या टोकाला छत्रीची गोल कड. तिच्यापलीकडे, अगदी दूर, दोर ओढणारी माणसे आहेत. भिंग लावून ती मी मोजली. एकोणीस भरली.