सत्तेचाळिशीतली फुगडी

लग्न होऊन चिकोडीला आले आणि फुगडी माहेरीच राहिली. पुढे मुलं शिकायला पुण्याला गेली, घर एकदम शांत झालं. त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या बायकांनी श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौरीचे खेळ खेळायचं ठरवलं. वयाच्या ४७ व्या वर्षी मी पुन्हा पदर खोचला. झिम्मा, पिंगा, बसफुगडी... दोन फेऱ्यांतच धाप लागली, पण इतकं मोकळं हसले त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

फुगडीचं तंत्र साधं. हातांची फुली करून समोरचीचे हात घट्ट धरायचे, पावलाला पाऊल भिडवायचं, मागे रेलायचं आणि गिरकी घ्यायची. दोघींनी सारखा भार टाकला तरच तोल राहतो. एकटीला फुगडी घालताच येत नाही.

माझी जोडीदारीण शेजारच्या कन्नड घरातली अक्का. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि आमचा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा वाद अजून मिटलेला नाही. अंगणात मात्र ती कन्नड गाणं म्हणते, मी मराठी. टाळीचा ठेका एकच. आता तिचे गुडघे दुखले की आम्ही सगळ्या वेग कमी करतो. माझ्या दाराला अवेळी कुलूप दिसलं की तिचा फोन येतो.

मुलींनो, नाच यायलाच हवा असं काही नाही. श्रावणात घरी याल तेव्हा नुसते हात पुढे करा. धरायला आम्ही आहोत.